मॉनिटरवर पांघरलेली गोधडी

दोस्तहो, चित्राची थरथर थांबवायला मॉनिटरचा रिफ्रेश रेट वाढवायची युक्ती तुम्हीच या कम्युनिटीत सांगितली होती. आज करून पाहिली. काय झालं ते ऐका.

माझा धाकटा भाऊ मागच्या थंडीत गावच्या तलावात अडकलेलं जाळं सोडवताना बुडाला. भिंतीवर फोटो लावला की तो मेला हे पक्कं होते, म्हणून माय लावू देत नाही. फोटो कॉम्प्युटरवरच आहे. रोज दुपारी ती त्याच्यासमोर बसते.

पण आमचा जुना, डब्यासारखा मॉनिटर साठ हर्ट्झवर सारखा थरथरतो. माय म्हणे, "थंडी वाजून राह्यली त्याले. अंगातलं पाणी निघालंच नाई."

आज मी रेट मॉनिटरला झेपत नाही तिथवर, पंच्याऐंशीवर नेला. चित्र एकदम स्थिर झालं. माय कितीतरी दिवसांनी हसली. "झोपला पोरगा," म्हणाली.

मी बोअरिंगवर पाणी आणायला गेलो. परत आलो तर घरभर जळका वास. मायनं त्याची गोधडी मॉनिटरवर पांघरली होती. मॉनिटर आधीच तापलेला, त्यात हवेची भोकं बंद झाली. स्क्रीन काळी पडली होती.

मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "एकदा जाळून आले ना तुमी त्याले? मंग आज परत काऊन?"

गडचिरोलीच्या कॅफेतून लिहून राह्यलो. फोटो हार्ड डिस्कवर शाबूत आहे. दुसरा मॉनिटरही मिळेल.

पण साठवर ठेवला तर त्याले थंडी वाजते, वाढवला तर जळते. कितीवर ठेवू, सांगा.