देवघरात ठेवलेला बिस्मथ

उद्या घटस्थापना, म्हणून आज देवांची भांडी घासायला काढली होती. समई झाली, ताम्हन चिंचेत भिजत होतं, तेवढ्यात हेमचंद्रभाऊजी कॉलेजातून आले आणि सगळं तसंच राहिलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. अमरावतीतच कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर. पंधरा वर्षं मुलांचे प्रयोग मांडले नि आवरले, लग्न केलं नाही. वर्षभर बिस्मथ नावाच्या धातूचे स्फटिक वाढवत होते. वितळलेल्या धातूची काचेची नळी भट्टीतून गजराच्या घड्याळाच्या चाकावर मुंगीच्या पावलाने खाली सोडायची. एवढ्या खटाटोपात एकच साधला. बर्फात गार करून पात्याने चिरला, तेव्हा रुपयाएवढा आरशासारखा पापुद्रा निघाला.

त्यांनी मला समजावलं होतं. ह्या धातूतून आतून वीज जेमतेम वाहते. पापुद्रा पातळ केला की ती आणखी कमी व्हावी, पण हिशेबाइतकी होत नाही. म्हणजे वरच्या कातडीवर तिची वेगळी वाट असावी. इलेक्ट्रॉन भिंगरीसारखे फिरतात म्हणे, आणि अशा जड धातूत उजव्या फिरकीचे एका वाटेने जातात, डाव्या फिरकीचे दुसऱ्या. हा त्यांचा अंदाज. खरा की खोटा, ते नागपूरच्या एका प्राध्यापकांच्या यंत्रावर ठरायचं होतं. त्यांनी बुधवार दिला होता; शुक्रवारी ते तीन वर्षांसाठी विलायतेला निघणार.

प्रयोगशाळेत कोणीही हात लावतं, म्हणून भाऊजींनी पापुद्रा आमच्या देवघरात ठेवला. तिथे आंघोळीवाचून कोणी शिवत नाही.

माझी नणंद सिंधू सणाला अकोल्याहून आलेली. ती आंघोळ करूनच शिवली. तांबूस झाक आलेला, मूर्ती झिजून गेलेला हा कुलदेवतेचा चांदीचा टाकच, असं समजून तिने तो मदत म्हणून चिंच-राखेने घासून काढला. मी तेव्हा पाठमोरी समई घासत होते.

"दादा, कुळाचा टाक असा काहून ठेवला होता? घे, लख्ख केला."

भाऊजींनी तो उजेडात धरला. ओरखडेच ओरखडे. सिंधू रडायला लागली तेव्हा म्हणाले, "आतून तसाच आहे, सिंधू. पण मले वरचंच पाहायचं होतं."

दुपारी बर्फ आणून, आतला कोरा थर निघतो का म्हणून पुन्हा चिरून पाहिला. घासताना वाकला होता, तुकडे झाले. मी देवापुढे साखर ठेवली. मला दुसरं काय येतं?

उद्या सकाळी भाऊजींना तारऑफिसात जायचं आहे, बुधवारी येत नाही असं प्राध्यापकांना कळवायला.