गिरणेच्या पुरातला गंपू

सोमवारी मुख्याध्यापकांनी माझी कविता ‘भीतिदायक’ ठरवून पाठांतराच्या यादीतून वगळली. गुरुवारी शाळा समितीने त्यावर शिक्कामोर्तब केले. दोघेही जबाबदार आहेत.

निषेधपत्र लिहीत असताना नातीने पाटी पुसली. त्या ओल्या वासासरशी मी पूर्वी शिकवत असलेल्या भडगावच्या दुसरीच्या वर्गात पोहोचलो. कवाडातून तिरपे ऊन येत होते, खडूची धूळ त्यात तरंगत होती. केळीच्या खांबांवर बसून गिरणा नदीच्या पुरात गेलेला गंपू माझ्या कवितेत परतत नसे. मुले डोलत म्हणत होती. सुमन नावाची मुलगी मात्र मधेच उठली.

“गुरुजी, तेले धुंडाले कोनीच गयं नही का?”

त्याला शोधायला कोणीच गेले नाही का, या प्रश्नावर तेव्हा मी चिडलो होतो. आज तो प्रश्न मला माझ्या कवितेहून मोठा वाटतो. शेवट मग मुलांनीच रचला:

दोर घेऊन धावला गाव,
पुरात लोटली पहिली नाव.

मुख्याध्यापक आणि समिती सदस्यहो, कविता वगळण्यापूर्वी या दोन ओळी आपण वाचल्या होत्या काय? शाळेच्या पटांगणात, मुलांसमोर उत्तर द्यावे.