रिग्मोरचं दुसरं पातेलं

कोल्डिंगच्या बाजारचौकात, घड्याळाच्या खांबापाशी, रिग्मोरचा सॉसेजचा गाडा छत्तीस वर्षं उभा राहिला. मुळात तो तिच्या नवऱ्याचा, आक्सेलचा. बंदरावर पेटी अंगावर पडून त्याचं कंबरडं कामातून गेलं, तेव्हा नगरपालिकेनं त्याला गाड्याचा परवाना दिला. पण गाड्यावर दिवसभर उभं राहावं लागतं आणि आक्सेलला तेच जमत नव्हतं. मग रिग्मोरनं केस रुमालात बांधले आणि हातात चिमटा घेतला. तात्पुरता म्हणून घेतलेला चिमटा तिच्या हातून सुटला तो सत्तराव्या वर्षीच.

कोण काय आणि कसं खातं यावरून ती माणूस ओळखायची. बंदरावरच्या ब्यॉर्गेला सॉसेज तव्यावर इतकं भाजलेलं लागे, की साल तडकलीच पाहिजे. वर केचप, मस्टर्ड, पिवळं आंबटगोड रेमुलाद, कच्चा कांदा, तळलेला कांदा, लोणच्यातली काकडी, सगळं इतकं की खाली पाव आहे याचा पत्ता लागू नये. बँकेतल्या बाई पोकळ पावात सॉस ओतून आत सॉसेज खुपसून घेत, म्हणजे हात बरबटत नाहीत. शाळेच्या पोरांना नुसता तळलेला कांदा दिला असता तरी चाललं असतं, सोबत बाटलीतलं चॉकलेटचं दूध मिळालं की झालं. रिग्मोरची स्वतःची आवड जुन्या वळणाची होती. उकडलेलं लाल सॉसेज कागदावर, बाजूला कोरा पाव, मस्टर्डचा एक ठिपका. एक घास याचा, एक घास त्याचा. "पावात घातलं की दोघांचीही चव जाते," असं ती म्हणे, आणि दिवसभर पावात घालूनच विकी.

सॉसेजं सगळी एकाच पातेल्यात असत. पाणी गरम हवं, पण उकळता कामा नये, नाहीतर ती फुटतात. ते पाणी ती दिवसभरात बदलत नसे. संध्याकाळपर्यंत त्याला जी चव चढे तीच गाड्याची खरी पुंजी, हे आक्सेलनं तिला शिकवलेलं. सॉसेजं डुकराच्या मांसाची आणि वरून लालभडक. त्यात काय आहे असं कोल्डिंगमध्ये कुणी कधी विचारत नसे.

विचारलं ते पहिल्यांदा नुर्तेननं, चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत.

दर शुक्रवारी शाळेचा तिसरीचा वर्ग पोहण्याच्या तलावावरून परत येताना चौकात थांबायचा. ओल्या केसांची पोरं गाड्याला चिकटायची. नुर्तेन तेवढी मागे खांबापाशी उभी राहायची, पोहण्याची पिशवी पोटाशी धरून. तिचे वडील दुरसुन ओतकामाच्या कारखान्यात होते. तुर्कस्तानातून येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. रिग्मोरला ते तोंडओळखीनं ठाऊक होते. सायकलवरून जाताना मान लववायचे, थांबायचे मात्र कधीच नाहीत.

त्या शुक्रवारी बाकीची पोरं खाऊन पुढे गेली आणि नुर्तेन पुढे आली. मुठीतली नाणी तिनं फळीवर ठेवली. थंडीनं ओठ निळे पडले होते, कानामागचे केस गोठल्यासारखे झाले होते.

"यात डुकराचं असतं का?"

रिग्मोरनं तिच्याकडे पाहिलं. पोटच्या पोरीला असं कुणी उभं ठेवलं असतं तर तिनं त्याची कानउघाडणी केली असती. तिला वाटलं, एवढंसं लेकरू, सगळा वर्ग खातो आणि ही वास घेत उभी राहते.

"नाही गं," ती म्हणाली. "हे तुझं वेगळं, गाईचं आहे."

तोंडातून निघूनच गेलं ते. नुर्तेननं दोन्ही हातांनी हॉटडॉग धरला आणि पहिल्या घासाला डोळे मिटले. दुसऱ्या घासाला तिच्या नाकाला रेमुलाद लागलं. रिग्मोरला तेव्हा शरम वगैरे काही वाटली नाही, उलट बरं वाटलं. घरी गेल्यावर तिनं आक्सेलला सांगितलं सुद्धा. आक्सेल पेपरातून मान न काढता म्हणाला, "त्यांच्यात चालत नाही ते."

"सॉसेज ते सॉसेज. कुणाचं काय बिघडतंय?"

"मग खरं का नाही सांगितलंस?"

रिग्मोरनं बटाटे सोलायला घेतले.

नुर्तेन मग दर शुक्रवारी येऊ लागली, आणि खांबापाशी नाही, सगळ्यांच्या घोळक्यात. रिग्मोरला ती अब्ला म्हणू लागली. आमच्यात ताईला असं म्हणतात, हे तिनंच सांगितलं. आता सांगावं असं रिग्मोरच्या मनात दोनतीनदा आलं. पण आता सांगायचं म्हणजे मागचंही सांगायला हवं. मग ती म्हणे, पुढच्या वेळी बघू. असे चौदा शुक्रवार गेले. तेव्हा तिनं मोजले नव्हते. मोजले ते नंतर, शाळेचं कॅलेंडर समोर घेऊन.

जुलैच्या सुरुवातीला ईद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दुरसुन गाड्यापाशी आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, हातात फडक्यानं झाकलेली ताटली. गाड्यापाशी ब्यॉर्गे आणि आणखी दोघं खात उभे होते.

"बाई," दुरसुन म्हणाले. त्यांचं बोलणं मोडकंतोडकं होतं, पण शब्द आधी घरी जुळवून आणलेले असावेत. "माझी मुलगी सांगते, तुम्ही तिच्यासाठी वेगळं ठेवता. अकरा वर्षं मी इथं आहे. आमच्यासाठी कुणी काही वेगळं ठेवलं नाही. हे माझ्या बायकोनं केलंय."

फडक्याखाली पापुद्र्यांचा गोड बकलावा होता. मधानं चकाकणारा, वर पिस्त्याची पूड.

ताटली हातात घेताना रिग्मोरला वाटलं, ही खाली पडावी.

"आणि मलाही एक द्या," दुरसुन हसून म्हणाले. "पोरगी इतकं सांगते. मीही बघतो."

चिमटा पातेल्यावर होता. पातेल्यात वीसेक सॉसेजं तरंगत होती. रिग्मोरनं झाकण घातलं.

"गाईची संपली आज."

"गाईची?" ब्यॉर्गे तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. "तू गाईची कधीपासून ठेवायला लागलीस?"

दुरसुननं त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ठेवते," रिग्मोर म्हणाली. "तुला सांगून ठेवायला हवीत का? तू तर कांद्याखाली काय आहे तेही बघत नाहीस."

बाकीचे दोघं हसले. दुरसुनही हसले. "पुढच्या वेळी," म्हणाले, छातीवर हात ठेवला आणि सायकलवर बसून गेले.

ब्यॉर्गे हसत नव्हता. त्यानं तोंड पुसलं, कागद चुरगळला आणि हळूच म्हणाला, "रिग्मोर, असलं करू नये." एवढंच. त्यानंतर तो त्या विषयावर एक शब्द बोलला नाही, आणि हेच तिला जास्त लागलं.

बकलाव्याचा तुकडा तिनं तोंडात घातला नाही. सगळी ताटली ब्यॉर्गेला देऊन टाकली. पुढच्या सोमवारी गाडा बंद ठेवून ती बसनं ऑर्हुसला गेली, तिथल्या एका तुर्की खाटकाकडून गाईची सॉसेजं आणली. दुसरं पातेलं घेतलं, दुसरा चिमटा घेतला. गाडा एवढासा, तर चॉकलेटच्या दुधाचं खोकं पायाखाली गेलं आणि पुढची कित्येक वर्षं तिला वाकून बाटल्या काढाव्या लागल्या. गुडघे दुखले की तिला थोडं बरं वाटायचं.

ऑगस्टमध्ये नुर्तेन गावाहून परतली. रिग्मोरनं नव्या पातेल्यातलं पहिलं सॉसेज तिला दिलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

"लाल नाही हे," नुर्तेन म्हणाली.

"खाटीक बदलला."

पोरगी खाऊ लागली. सगळं खाल्लं, बोटं चाटली, आणि मग अगदी खरंखरं सांगून टाकलं, "अब्ला, आधीची जास्त छान होती."

या एका वाक्याला रिग्मोर पुढे तेवीस वर्षं तोंड देत राहिली.

दुरसुननं कारखान्यात सांगितलं, मशिदीत सांगितलं. तुर्की बायका शनिवारी पोरांना घेऊन येऊ लागल्या. पुढे बोस्नियाची माणसं आली, सोमालियाची आली. दुसऱ्या पातेल्यापुढची रांग पहिल्यापेक्षा लांब झाली. ती सगळी सॉसेजं खरी होती, चिमटा वेगळा होता, पाणी वेगळं होतं. कुणाला फसवण्याचा प्रश्नच नव्हता. तरी कुणी "तुझे उपकार" म्हटलं की रिग्मोर खाली वाकून दुधाची बाटली शोधू लागे. दर ईदला दुरसुनच्या घरून ताटली येई. दर ईदला ती ब्यॉर्गेला जाई. ब्यॉर्गे मेला तेव्हा ती बंदरावरच्या पोरांना देऊ लागली. मला गोड सोसत नाही, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

दोन हजार सात सालच्या मे महिन्यात तिनं गाडा बंद करायचं ठरवलं. शेवटचा दिवस शुक्रवार. आदल्या दिवशी सकाळी नुर्तेन आली. ती आता बत्तीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात नर्स. बरोबर सात वर्षांची लेक, एलिफ. दुरसुन त्याच हिवाळ्यात गेले होते.

"उद्या पेपरवाला येणार आहे," नुर्तेन म्हणाली. चेहरा खुललेला. "मीच फोन केला. गावात पहिल्यांदा आमच्यासाठी वेगळं पातेलं कुणी ठेवलं, ते छापून यायला हवं. मी त्याला बाबांची गोष्ट सांगितली. ते ताटली घेऊन आले होते ती. बाबांचं नाव येईल त्यात, अब्ला. आईला कात्रण देणार आहे मी."

रिग्मोरनं कांद्याचा डबा खाली ठेवला. तिला वाटलं, अजून एक दिवस. उद्या पेपरवाला लिहून नेईल, परवा गाडा निघेल, आणि मग कुणीच कधी विचारणार नाही. सत्तर वर्षांच्या बाईला कोण काय विचारतं? पण त्या कागदावर दुरसुनचं नाव येणार होतं, आणि ते खोट्याखाली येणार होतं.

"ते नको छापू," ती म्हणाली.

"लाजतेस काय आता?"

"हो." ती थांबली. "नुर्तेन, ती गाईची नव्हती. पहिली. तू तिसरीत होतीस तेव्हाची."

नुर्तेनचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या आत काही उरलं नाही.

"काय म्हणतेस?"

"डुकराची होती. तू विचारलंस आणि मी खोटं बोलले. तुला थंडी वाजत होती." हे शेवटचं बोलल्याबरोबर तिला स्वतःचीच किळस आली. "थंडीचं सोड. मला वाटलं, त्यात काय एवढं. पातेलं तुझे बाबा येऊन गेल्यावर आणलं."

एलिफ फळीवर हनुवटी टेकवून दोघींकडे बघत होती. चौकात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"किती वेळा?"

"चौदा."

"आणि बाबा?"

"त्यांना नाही दिलं. संपली, असं मी म्हणाले."

नुर्तेननं मान हलवली. मग ती पहिल्या, लाल सॉसेजांच्या पातेल्याकडे पाहत राहिली.

"मी हिला सांगत असते," ती म्हणाली, "लहानपणी खाल्लं तसं सॉसेज मला पुन्हा कुठेच मिळालं नाही." तिनं एलिफला जवळ ओढलं. "आणि बाबा लोकांना सांगत राहिले."

"हो."

"तू ताटली घ्यायचीस."

"घ्यायची. खाल्लं कधी नाही."

"खाल्लं नाहीस?" नुर्तेन आता चिडली. "आई दोन दिवस पीठ लाटायची. तेही फुकट घालवलंस?"

हे रिग्मोरच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती, न खाणं हीच तिची शिक्षा, आणि ती शिक्षाही दुसऱ्याच बाईच्या कष्टांवर चालली होती. तिनं मान खाली घातली.

"आई, मला भूक लागलीय," एलिफ म्हणाली.

नुर्तेननं चॉकलेटच्या दुधाची एक बाटली घेतली. दुसरं काही घेतलं नाही. जाताना मागे वळून म्हणाली, "आईला सांगायचं नाही. कुणालाच नाही. तुला हलकं वाटावं म्हणून सांगितलंस, आता ते मला घेऊन फिरायचंय."

शुक्रवारी पेपरवाला आला. दुरसुनच्या गोष्टीबद्दल त्यानं विचारलं. रिग्मोर म्हणाली, "ते घालू नका. घरच्यांची इच्छा नाही."

"मग तुम्हाला हे सुचलं कसं, सगळ्यांच्या आधी?"

"आधी नाही. मला फार उशीर झाला. लोक विचारत होते आणि माझ्याकडे गाईची नव्हती, असं लिहा."

तो हसून काहीतरी लिहीत होता. बाई किती नम्र आहेत असंच काहीसं तो लिहिणार, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

रांग घड्याळाच्या खांबाच्या पलीकडे गेली होती. लोक फुलं आणत होते, खांद्यावर थोपटत होते. दुपारी रांगेत नुर्तेन दिसली, एकटीच. ती मध्ये घुसली नाही, कुणाशी बोलली नाही, पाऊण तास उभी राहिली. पाळी आली तशी रिग्मोरचा हात थांबला.

"काय देऊ?" तिनं विचारलं. छत्तीस वर्षांत ओळखीच्या माणसाला तिनं असं पहिल्यांदाच विचारलं.

"गाईचं," नुर्तेन म्हणाली. "आणि मी बघणार आहे."

रिग्मोरनं दुसऱ्या पातेल्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं. दुसरा चिमटा आधी वर धरून दाखवला. मग सॉसेज उचललं आणि गाड्याच्या आडोशानं न नेता, उघड्या फळीवरून, सावकाश पावापर्यंत नेलं. नुर्तेनची नजर चिमट्यावरून हलली नाही. मागचे लोक चुळबुळ करू लागले, तरी रिग्मोरनं हात घाईत चालवला नाही.