रॅपवाली मावशी

मावशीच्या घरात उघडं असं काही सापडायचंच नाही. अर्धा कांदा, कापलेलं लिंबू, मळलेली कणीक, सगळं प्लॅस्टिकच्या पातळ, पारदर्शक रॅपमध्ये गच्च बसलेलं. टीव्हीचा रिमोटही त्यातच. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावर मावश्या चार होत्या, म्हणून हिला सगळे रॅपवाली मावशी म्हणायचे.

लोअर परळला तिचा नवरा ज्या गिरणीत होता, त्या जागेवर आता काचेचं उंच ऑफिस होतं. मावशी तिथल्या पॅन्ट्रीत कामाला होती. रॅपचं वेड तिथलंच. चाळीत रंगकाम निघालं तेव्हा बाकीच्यांनी सामानावर जुन्या चादरी टाकल्या. मावशीने कपाटावरच्या बुद्धमूर्तीला रॅप गुंडाळला. "चादर कशाला? चेहरा दिसला पाहिजे," म्हणाली.

गरम डाळ कुणी झाकायला गेलं की ती हात धरायची. "वाफ जाऊ दे गं. कोंडली की आत पाणी सुटतं, मग आंबते." हाच नियम ती भांडणालाही लावायची. माझं आईशी वाजलं की मला आपल्या दारात बसवायची, चहा द्यायची आणि कशावरून वाजलं ते तासाभराने विचारायची.

बारावीनंतर मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. मुलाखतीला दाखवायची वीस चित्रं मी वर्षभर खपून केली होती. आदल्या संध्याकाळी मावशी रोल घेऊन आली.

"पेन्सिलीचं काम ना? हात लागला की पुसणार. मध्ये बटर पेपर घाल, वरून मी रॅप करते."

"मावशी, कॉलेज आहे ते. असं डब्यासारखं बांधून नेलं तर हसतील गं."

"तिथे पोचल्यावर काढ. वाटेत कोण बघतंय?"

तिने चांगले पाच-सहा वेढे दिले, कडा अंगठ्याने दाबल्या.

सकाळी वरच्या खोलीतला पाइप फुटला. आम्ही नळावरून परत येईपर्यंत छतातून धार लागली होती. गाद्या, पुस्तकं, माझा इस्त्रीचा ड्रेस, सगळं भिजलं. चित्रांचं पुडकं जमिनीवर पाण्यात पडलं होतं. मी दारातच बसून रडायला लागले. मावशी साडी खोचून आत शिरली. मी पुडकं फाडायला धावले तशी ओरडली, "थांब! आधी बाहेरून कोरडं पूस. नाहीतर तूच पाणी आत घालशील."

तिने टॉवेलने पुडकं टिपलं, कात्रीने एक कड कापली आणि चित्रं एकेक करून बाहेर काढली. वीसच्या वीस. मग गॅलरीत जाऊन अख्ख्या मजल्याला ऐकवलं, "सुकी आहेत! सगळी सुकी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारणीचा ड्रेस घालून मी मुलाखतीला गेले, आणि मला प्रवेश मिळाला.

गेल्या वर्षी माझं पहिलं प्रदर्शन लागलं. मधल्या भिंतीवर मावशीचं मोठं चित्र होतं: पॅन्ट्रीच्या ओट्याशी उभी, दोन्ही हातांत ताणून धरलेला रॅप. ती आता निवृत्त झालीय. लेकीचा हात धरून आली. तिच्या ऑफिसलाही मी आमंत्रण धाडलं होतं. ज्यांना तिने वर्षानुवर्षं चहा दिला, ते साहेब चित्रासमोर उभे होते.

"या बाईंना कुठेतरी पाहिलंय," ते शेजारच्याला म्हणाले.

मावशी पुढे झाली. "मीच ती, साहेब. नाव खाली लिहिलंय. वाचा ना."

साहेब वाकले आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "शालिनी गायकवाड."