अण्णांचं स्पेलिंग

गुरुग्रामच्या ऑफिसात मीटिंग चालू होती आणि नवऱ्याचा, समीरचा, फोन आला. मीच विचारलं, “अण्णा?” तो नुसता “हं” म्हणाला... कॅबमधून दिल्लीतल्या द्वारकेला घरी कशी पोचले, ते आठवत नाही. त्याला आता महिना होत आला.

अण्णा माझे सासरे. मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले आणि इथलेच झाले. त्यांना इंग्रजी शिकवलं त्यांच्या आईनं, स्वयंपाक करता करता, तिच्या वडिलांच्या जीर्ण डिक्शनरीतून. त्यामुळे त्यांचं स्पेलिंग त्या डिक्शनरीच्या काळातच राहिलं. तुरुंगाचं ‘जेल’ ते जी-ए-ओ-एल असं लिहीत. ‘शो’मध्ये ओच्या जागी ई, आणि ‘कनेक्शन’मध्ये चक्क एक्स! ऑफिसात साहेबांना हवं तसं लिहायचे, घरी मात्र आईचं. समीर वैतागायचा. “अण्णा, यार, असं कोण लिहितं आता?” अण्णा शांतपणे म्हणायचे, “मी लिहितो की.”

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. आपलं बोलणं त्यांना कळतंय की नाही, हेही समजेना. हॉस्पिटलात वाचा-उपचार करणाऱ्या बाई फार मायाळू होत्या, पण त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी डाव्या हातात पेन देऊन अण्णांना सोपे इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. मग आम्हाला बाजूला बोलावून हळूच म्हणाल्या, “अक्षर तो बना लेते हैं, पर शब्द खो गए हैं. उम्मीद कम रखिए.” समीर भिंतीला टेकून उभा राहिला. “अण्णा गेलेच समज,” एवढंच पुटपुटला. मी बाईंच्या हातातला कागद घेतला. वेडीवाकडी अक्षरं होती, जवळजवळ प्रत्येक शब्दाला लाल गोल. पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला... आणि मला हसूच फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “मॅडम, ये गलती नहीं है. ये हमेशा ऐसे ही लिखते हैं!” बाईंनी मोबाइलवर शोधून पाहिलं. “अरे, बिल्कुल! पुरानी स्पेलिंग है!” आम्ही अण्णांच्या खाटेशी गेलो. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तोंडाची चालती बाजू हसत होती. त्यांनी खुणेनं पेन मागून घेतलं आणि त्या लाल गोलांखाली, मोठ्या कष्टानं, मराठीत दोनच अक्षरं काढली... ‘आई’.

त्यानंतर ते दोन हिवाळे आमच्यात होते. थोडं बोलू लागले, गच्चीवर उन्हात बसून माझ्या हातच्या पोह्यांना नावं ठेवू लागले. गेले तेही तसेच, दुपारी उन्हात बसल्याबसल्या.

दिवस झाल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये प्रार्थना सभा ठेवली. ग्रुपवर टाकायची इंग्रजी सूचना समीरनं लिहिली. लगेच सेक्रेटरींचा फोन आला, स्पीकरवर मलाही ऐकू येत होता. “भाईसाहब, ‘टुमॉरो’ के बीच में डॅश पड़ गया है. ठीक कर दूँ?”

समीर म्हणाला, “रहने दीजिए. हमारे घर में ऐसे ही लिखते हैं.”

फोन ठेवला, आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच तो रडला.