गाडीचं तोंड पूर्वेला

आमच्या सरस्वतीपुरमच्या घरी पाहुणे आले की गेटातली पिकअप बघून आधी गोंधळतात, आणि मग आम्हाला सांगत बसावं लागतं. एक किस्सा चहा होईपर्यंत, दुसरा चहा पिताना, आणि तिसरा पाहुणे एका पायात चप्पल घालून दारात उभे असताना! इतके जमलेत की आता कुठला आधी घडला यावरून आमच्यातच वाद होतात.

घर वेंकटराव काकांचं. खाली काका-काकू, वर भाड्याने मी आणि माझा नवरा प्रशांत. आम्ही नोकरीसाठी नागपूरहून आलेले. काका रिटायर्ड फिजिक्स टीचर, आणि त्यांचं घराणं म्हैसुरात इतकं जुनं की मराठीत निम्मी कन्नड. पहिलं वर्षभर मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला नुसतीच हसत होते.

भानगड मुळात काकूंच्या झोपेची. घरचं अंथरूण सुटलं की त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. पुण्याला मुलीला, मेघाला, बाळ झालं तेव्हा त्या मोठ्या हौसेने गेल्या आणि टक्क जाग्या राहून, आजारी पडून परत आल्या. तेव्हापासून नातू फक्त फोनवर. व्हिडिओ कॉल संपला की काकू पदराने फोनची काच पुसत बसायच्या. मला ते बघवायचं नाही.

एक दिवस काका म्हणाले, "ती घर सोडून झोपत नाही नव्हे? मत्ते घरच घेऊन जाऊ!"

'मत्ते' म्हणजे 'मग'. तेवढं मला तोवर कळायला लागलं होतं. बाकी काहीच कळलं नाही.

* * *

दुसऱ्या आठवड्यात काकांनी जवळच्या बन्नूर गावाहून जुनी पिकअप आणली. मागच्या हौद्यावर पत्र्याचं छत, आत उसाची चिपाडं. काकू व्हरांड्यातून ओरडल्या, "अय्यो! ऊस कुणी मागवला?"

"ऊस नाही, ही आपली बेडरूम," काका म्हणाले.

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी प्रशांतकडे. प्रशांतने फोन काढला आणि कुठल्याशा परदेशी जोडप्याने ट्रकमध्ये थाटलेल्या संसाराचा व्हिडिओ दाखवला. काकूंनी तो शेवटपर्यंत बघितला आणि एकच विचारलं, "यांचे आईवडील काय म्हणतात?"

* * *

सुतार लावायचा नाही, सगळं आपल्या हाताने, असं काका आणि प्रशांतने ठरवलं. प्लायवूड आलं, ड्रिल आलं. काकूंना खाली ड्रॉवर हवे होते, म्हणून पलंग उंच केला. काका त्यावर ताठ बसले, प्रशांतने टेप लावला. डोकं आणि छत यांच्यात छान चार बोटं जागा! दोघांनी टाळी दिली, स्क्रू पिळले, फेविकॉल वाळला.

मग काकूंनी त्यांची गादी आणली. घरची, सावरीच्या कापसाची, चांगली गुबगुबीत. त्याच गादीसाठी तर हा सगळा खटाटोप! काका ऐटीत वर चढले, बसले आणि छताचा पत्रा असा वाजला की शेजारच्या घरातले लोक बाहेर आले.

दोघांनी मापात गादी धरलीच नव्हती.

काका डोकं चोळत म्हणाले, "गादी स्वल्प पातळ कर की."

"गादी तीच राहील," काकू म्हणाल्या. "तुम्ही पातळ व्हा!"

* * *

मग निघाली विळी. काकू भाजी चिरतात, खोबरं खवतात ते खाली बसून, विळीवरच. प्रशांत म्हणाला, "काकू, कॅम्परमध्ये जागा कमी असते. चॉपिंग बोर्ड घ्या, फोल्ड होतो."

"आणि खोबरं कशावर खवू? तुझ्या फोनवर?"

शेवटी विळीसाठी वेगळा ड्रॉवर झाला. त्यात दुसरं काही मावत नाही. तो उघडला की पलंगावर चढता येत नाही, आणि पलंगावर कुणी असलं की तो उघडता येत नाही. हे असं कसं झालं ते आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही.

* * *

सगळं झालं असं वाटत होतं, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "डोकं कुठल्या दिशेला येतं?"

पलंगाची उशी ड्रायव्हरच्या केबिनकडे. म्हणजे गाडीचं तोंड जिकडे, डोकं तिकडे. आणि उत्तरेला डोकं करून काकू झोपणं शक्य नाही!

"मत्ते गाडी रोज पूर्वेला तोंड करून लावू. अष्टे!" काका म्हणाले. 'अष्टे' म्हणजे बस, एवढंच.

मी विचारलं, "आणि रस्ता दक्षिणोत्तर असला तर?"

"आडवी लावू."

काकांनी डॅशबोर्डवर होकायंत्र चिकटवलं. गाडी गेटातून बाहेर काढली, वळवली, पुन्हा वळवली. काटा ढिम्म! गाडी कुठेही वळो, उत्तर कायम ग्लोव्ह बॉक्समध्ये. प्रशांत म्हणाला, यंत्र बिघडलंय, बदलून आणू. मग काकांचा चेहरा एकदम पडला. लोखंडी गाडीत, वर स्पीकरच्या शेजारी चुंबकाची सुई! जन्मभर मुलांना मॅग्नेटिझम शिकवलेला माणूस तो.

"कुणाला सांगू नको हं, पुट्टी," ते मला म्हणाले. लाडात आले की ते मला पुट्टी म्हणतात, म्हणजे छकुली. मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पाहुण्यांना सोडून.

* * *

ट्रायलला आम्ही चौघं सोसले नावाच्या गावाला गेलो. तिथल्या मठाच्या अलीकडे झाडाखाली काकांनी गाडी लावली. काकूंनी सूर्य कुठे मावळतोय ते स्वतः बघून घेतलं. प्रशांत आणि मी लग्नाला आलेल्या नातेवाइकांसारखे जवळच्या लॉजवर.

सकाळी जाऊन बघतो तर गाडीमागे रांग! मागचं फाळकं उघडं, शेगडी पेटलेली, काकू उपीट ढवळतायत, आणि लोक हातात सुटे पैसे घेऊन उभे. आमच्याकडे अशा गाडीवर सकाळी नाश्ताच मिळतो, त्यांचं तरी काय चुकलं? काका प्रत्येकाला समजावत होते, "हे हॉटेल नाही, बेडरूम आहे." त्याने लोक अजूनच गोंधळत होते.

काकूंनी पैसे घेतले नाहीत, पण सगळ्यांना खायला घातलं. एकाने खाऊन वर विचारलं, "नाळे बरतीरा?" म्हणजे उद्या येणार का!

आम्ही पोट धरून हसलो. मग मी काकूंना विचारलं, "झोप लागली?"

त्यांनी मान हलवली. "डोळा नाही लागला गं. गादी माझीच, उशी माझीच, तोंड पूर्वेला. मत्ते दोष माझाच असणार."

येताना काका नुसते गाडी चालवत राहिले. इतकं वाईट मला त्या गाडीपायी कधी वाटलं नव्हतं.

* * *

तरीही ते दोघं पुण्याला निघाले. "नाही झोपले तर नाही झोपले. मूल एकदा मांडीवर घेते," काकू म्हणाल्या. वाटेतल्या मुक्कामांवरूनही काकांचा तोच निरोप, डोळा नाही.

पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मला मेघाच्या नवऱ्याचा, निखिलचा, फोन. आवाज घाबरलेला.

"वहिनी, तुम्हाला कोणी काही बोललंय का? घरात कोणीच नाहीये! आई नाहीत, बाबा नाहीत. मेघा आणि बाळसुद्धा नाही! दार नुसतं ओढून घेतलंय!"

"खाली गाडीत बघितलंत?"

लिफ्टचा आवाज. पावलांचा आवाज. मग निखिल कुजबुजला, "सगळे इथेच आहेत."

फोन काकांनी घेतला. तेही कुजबुजतच. वर झोप येईना म्हणून काका-काकू रात्रीच गाडीत उतरले होते, आणि मग बाळ वर रडायचं थांबेना, म्हणून मेघाही त्याला घेऊन खाली आली होती.

"आणि काकू?"

"घोरतीये."

मला खरंच वाटेना. "गाडी पूर्वेला लावलीत ना?"

"कुठली पूर्व! सोसायटीचं पार्किंग, रंगवलेला चौकोन, एक इंच हलवू देत नाहीत." काकांनी आवाज आणखी खाली आणला. "डोकं सरळ उत्तरेला आहे. ठेव फोन, निखिलला आत बसायला जागा करतोय."

फोन बंद व्हायच्या आत छताचा पत्रा दणकन वाजला, आणि मागोमाग काकूंचा झोपेतला आवाज आला, "श्श्श!"