गुरुवारी, वीज नसताना आलेला रिपोर्ट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरुणपणी माझा विश्वास फक्त स्वतःवर होता... आणि तीच सगळ्यात मोठी अंधश्रद्धा निघाली!

नव्वदचं दशक सरत होतं. नारायण पेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी वॉर्डची मुख्य सिस्टर. नुकतीच कॉम्प्युटर सिस्टीम आली होती — वॉर्डात चूक झाली की ती टाइप करायची, रिपोर्ट आपोआप खाली डॉक्टरांच्या प्रिंटरवर. माझ्या वॉर्डातून एकही रिपोर्ट गेला नव्हता. "आमच्याकडे चुका होत नाहीत," असं मी नाक वर करून सांगायचे.

त्या गुरुवारी नेहमीप्रमाणे वीज नव्हती. जनरेटर फक्त थिएटरला आणि खालच्या ऑफिसला. पंखे बंद, म्हणून आठ नंबरच्या सुमतीआजींना मीच खिडकीजवळ, सातवर हलवलं. सातच्या बाई आठवर. आणि दुपारी सातचं इन्सुलिन सातलाच टोचलं! आम्ही पेशंटना नंबरानेच ओळखायचो ना...

सुमतीआजींना मधुमेह नव्हताच.

ट्रे ठेवताना लक्षात आलं. मग बाईसाहेबांनी काय केलं? आजींना चार चमचे साखरेचा चहा पाजला आणि गप्प! वॉर्डात सिस्टर मी एकटीच. कॉम्प्युटर बंद... सुटलेच म्हणायची. थोड्या वेळाने आजी झोपल्या. पुण्यात दुपारी झोपलेल्या माणसावर कोण शंका घेणार?

तेवढ्यात डॉक्टर जिना चढून धावत आले, हातात कागद. "सिस्टर, सात नंबरला चुकून इन्सुलिन दिलंत?"

आजी हलवूनही उठेनात. शिरेतून ग्लुकोज गेलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

कागदावर माझं नाव होतं. पासवर्ड मी कुणाला दिला नव्हता.

मेट्रन म्हणाल्या, "स्वतःची चूक स्वतः कळवलीत. धाडस लागतं हो."

"कर्तव्यच आहे," मी म्हणाले. निर्लज्ज!

कॉम्प्युटरवाल्याला आडून विचारलं, "वीज नसताना रिपोर्ट जातो का हो?"

"बाई, वीज नसताना तुमचा मिक्सर चालतो का?"

सुमतीआजींना न्यायला कुणी आलं नाही. मीच रिक्षात बसवलं. माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, म्हणून वाचले." तेव्हाही माझ्याने खरं बोलवलं नाही. पुढे यजमानांनाही सांगितलं नाही; आता घरात सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत हॉस्पिटलात सगळ्यात जास्त रिपोर्ट माझ्याच वॉर्डातून गेले. माझ्या नावाचे सगळे मीच लिहिले... तो पहिला सोडून.